पोटातलं पाणी न हलणारी गाडी

मानवजातीचा आजवरचा सगळा इतिहास हा थांबायला लावणारे आणि थांबणारे यांचा इतिहास आहे, असा निष्कर्ष कृष्णात मधाळे यांनी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी काढला आणि तो कुठंतरी टिपून ठेवावा म्हणून ते उठायला गेले, तेव्हा त्यांना उठता येईना. सोफाच तसा होता. बेळगावच्या त्या गाड्यांच्या शोरूममध्ये तो गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम परदेशातून आणल्यासारखा ठेवला होता. बसलं की माणूस आत जायचा, गुडघे छातीशी यायचे आणि आपण गाडी घ्यायला आलोय की पुन्हा जन्माला यायला, असा प्रश्न पडायचा. अडुसष्टाव्या वर्षी त्यातून वर यायला एक तर कुणाचा हात लागतो किंवा संताप. हात द्यायला आसपास कुणी नव्हतं. संताप होता, पण तो अजून गुडघ्यांपर्यंत उतरला नव्हता. शेजारी त्यांची आई कोंडाबाई वॉचमनच्या लोखंडी स्टुलावर ताठ बसली होती. सोफ्याकडं एकदा बघून ती म्हणाली होती, "ह्यात म्हस बसली तर हुटायची न्हाय." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला जे दिसलं ते आपल्याला दिसू नये याचं मधाळ्यांना वाईट वाटत होतं. समोर टीपॉयवर ताटात नारळ, लिंबू आणि हार तयार होता. आम्ही बौद्ध आहोत, नारळ-लिंबू नको, असं त्यांनी बुकिंगच्या वेळी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. नको म्हटलेलं नारळ-लिंबू वेळेवर आलं होतं. हवी म्हटलेली गाडी आली नव्हती.

गाडी दसऱ्याला येणार होती. मग दिवाळीला. मग तुळशीचं लग्न लागायच्या आत. आज अकरा वाजता फॅमिलीला घेऊन या, सर, गाडीवरचं मखमली कापड आज्जींच्या हातानं काढूया, असा फोन चारदा आला होता, आणि तिथूनच तडक गुंजीला निघायचं म्हणून कोंडाबाईनं पिशवी भरून घेतली होती. पिशवीत एक शाल, दोन लुगडी आणि बहिणीसाठी निपाणीच्या तपकिरीची डबी. 'आमची आलिशान गाडी तुम्हाला घरून घेऊन येईल' असंही कळवलं होतं. घरासमोर आला तो शोरूमचा स्पेअर पार्ट वाहणारा टेम्पो. मागं टायर, बॅटऱ्या, पुढं ड्रायव्हर रवळू, आणि डाव्या बाजूच्या दाराला काच नाही. निपाणी ते बेळगाव मधाळे मागं टायरवर बसून मोबाइलवर तक्रार लिहीत आले. तक्रारीत तीन मुद्दे होते. एक, दोन आणि तीन. सरकारी कागदात तीनपेक्षा कमी मुद्दे असले की वरचा अधिकारी वाचत नाही आणि जास्त असले तर वाचूच शकत नाही, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. खानापूरच्या तालुका कचेरीत ते शिरस्तेदार होते, तहसीलदाराच्या एक पायरी खाली आणि जनतेच्या पुष्कळ पायऱ्या वर.

"सर, दोनच मिनिटं," म्हणत युवराज आला. युवराज म्हणजे गाडी विकणारा, कोट घातलेला, तिशीचा. "गाडी येऊलालीय. वाटेतच हाय."

"कुठल्या वाटेत?"

"कोगनोळीच्या जरा पलीकडं, सर."

"कोगनोळीच्या पलीकडं महाराष्ट्र आहे."

"तेच म्हणतोय की सर," युवराज म्हणाला, आणि नारळ उगाच अर्धा इंच सरकवून नीट ठेवला.

मग ते हळूहळू बाहेर आलं, दुखरा दात बाहेर यावा तसं. श्रावणात बुकिंग करताना मधाळे मराठीत बोलले होते. युवराजही मराठीत बोलला होता. दोघांना बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याच्या भरात युवराजनं कॉम्प्युटरमध्ये गाव निपाणी टाकलं आणि राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र दाबलं. पुढं कंपनीनं, विम्यानं, नंबर देणाऱ्यांनी, सगळ्यांनी त्या एका रकान्यावर विश्वास ठेवला, आणि गाडी महाराष्ट्राची होऊन कोल्हापूरकडच्या यार्डात आठ दिवस उभी होती. आता ती अलीकडं आणायची तर तिकडचे कागद रद्द करायचे, इकडचे नव्यानं करायचे.

"अरे पण निपाणी कर्नाटकात आहे!" मधाळे ओरडले, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच दचकले. हे वाक्य इतक्या जोरात निपाणीच्या चौकात म्हणायची सोय नव्हती. मोर्चे झाले, ठराव झाले, माणसं तुरुंगात जाऊन आली, कागद दिल्लीला जाऊन तिथंच म्हातारे झाले. आणि ह्या युवराजनं एका बोटानं, कुणाला न विचारता, निपाणी नेऊन महाराष्ट्रात ठेवली, तीही चुकून, आणि ती परत मागायला आला कोण तर कृष्णात मधाळे. शेजारच्या टेबलावरचं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मधाळ्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे, कागदोपत्री," ते म्हणाले.

"कोण वराडतंय रं?" कोंडाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाय, आई."

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक अट होती. अट आईची होती, आणि मधाळे सरकारी माणूस. अट आली की पूर्तता. आईला गाडी लागायची. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत बसून जिनं त्या उग्र वासात, त्या ठसक्यात जन्म काढला आणि कधी शिंकली नाही, तिला बसमध्ये बसवलं की तवंदीचा घाट लागायच्या आत पोट डहुळायचं. तोंडाला पदर लावून ती उतरायची ती परत चढायची नाही. टॅक्सी करून बघितली, तेच झालं. त्यामुळं गुंजीच्या रुक्माबाईची आणि तिची गाठ अकरा वर्षांत पडली नव्हती. रुक्माबाई धाकटी, गुंजीच्या रेल्वेतल्या गँगमनला दिलेली, आता विधवा, आषाढात पायरीवरून पडून खाटेला खिळलेली. तिच्या नातसुनेनं फोन लावून कानाशी धरला होता आणि मधाळ्यांनी इकडं आईच्या कानाशी. मधे अकरा वर्षं आणि दोन मोबाइल. "आक्का," रुक्माबाई म्हणाली होती, "येतीस, का मी वाट बघतच जाऊ?" कोंडाबाई चिडून म्हणाली, "पोटातलं पानी हलणार न्हाय असली गाडी आणाय सांग ह्येला, म्हंजे येतो." आता हे वाक्य कुठल्याही घरात म्हातारी माणसं बोलतात आणि ऐकणारी माणसं सोडून देतात. मधाळ्यांनी सोडलं नाही. त्यांनी ते मुलीला, समताला, बेंगळुरूला जसंच्या तसं कळवलं. समता भूल देणारी डॉक्टर. ती म्हणाली, "अण्णा, आज्जीला पाहिजे तसली घ्या. मी आहे." आणि मग ह्याच शोरूममध्ये युवराज, आईचं वाक्य कानावर गेलेलं नसताना, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला होता, "सर, ह्यात बसलासा की पोटातलं पाणी हलायचं न्हाय." मधाळ्यांच्या अंगावर काटा आला होता. अर्जातली भाषा आणि नियमातली भाषा इतकी तंतोतंत जुळलेली त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी तिथंच सही केली.

आणि काल नातसुनेचा पुन्हा फोन. रुक्माबाई दोन दिवस फक्त चहावर आहे. तेवढंच. रडणं नाही, या म्हणणं नाही. चहावर आहे.

संताप शेवटी गुडघ्यांपर्यंत उतरला. मधाळे सोफ्यातून उठले ते थेट मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेले. मॅनेजर नागेंद्र धारवाडकडचा, कन्नड बोलणारा, चेहरा स्वच्छ. मधाळ्यांनी मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि मुद्दा क्रमांक एक वाचायला तोंड उघडलं. नागेंद्रनं ऐकायच्या आधीच मान हलवली, समोरच्या कागदावरून नजर न उचलता पेनाचं टोपण लावलं, आणि आवाज किंचित खाली नेऊन म्हणाला, "स्वल्प ॲडजस्ट माडी सर. नाळे बर्री."

जरा सांभाळून घ्या, उद्या या. नाळे बर्री. मधाळ्यांचं तोंड उघडंच राहिलं. शब्दांचं काही नव्हतं. हे शब्द ह्या जिल्ह्यात हवेत असतात. पण ती चाल. 'नाळे'वर आवाज खाली न्यायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं की ह्यालाही वाईट वाटतंय. कागदावरून डोळे उचलायचे नाहीत, म्हणजे वाटतं की ह्याहून मोठं दुःख त्या कागदात आहे. आणि टोपण. टोपण लावल्याचा तो बारीक टक् आवाज. पुढं कुणी काही बोलू शकत नाही त्या आवाजानंतर. हे टोपण मधाळ्यांचं होतं. खानापूरच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांनी स्वतः शोधून काढलेलं. इतकी वर्षं ते कुणीतरी जपून ठेवलं, इथवर आणलं, ह्या काचेच्या खोलीत, आणि आज ते त्यांनाच लावलं. त्यांना राग यायला हवा होता, पण एखाद्या गावात अचानक आपल्याच घराण्याचा माणूस भेटावा तसं काहीतरी झालं, ओशाळं आणि जवळचं. मुद्दा क्रमांक एक आठवेना.

"थँक्यू," असं म्हणून ते बाहेर आले. कशाबद्दल, ते त्यांनाही कळलं नाही.

बाहेर युवराजनं दरम्यान नुकसानभरपाई सुरू केली होती. कॉफी आली होती, तिच्याबरोबर सोनेरी कागदातली बिस्किटं. आणि गाडी नाही तर गाडीसारखी गाडी म्हणून तो कोंडाबाईला शोकेसमधल्या गाडीत बसवत होता. "आज्जी, टेका. ऐका आता आवाज," म्हणून त्यानं दार लावलं. दाराचा धप् असा भारदस्त आवाज झाला, बँकेच्या तिजोरीचा होतो तसा, आणि युवराजनं मधाळ्यांकडं अशा अभिमानानं पाहिलं की जणू तो आवाज त्यानं तोंडानं काढला होता. आत, काळ्या काचेमागं, आईचा पांढरा पदर दिसत होता, अगदी लहान, कोणीतरी धुवून वाळत घातल्यासारखा. मधाळे बघत राहिले. हेच बघायला तर आपण तीन महिने झटलो. मग आतून काचेवर बोटांचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा कोंडाबाई घामानं भिजली होती.

"किस्ना, भाईर काढ रं. लागली मला."

"आई, गाडी बंद आहे. उभी आहे जागेवर."

"मग लागली कशी?"

ह्याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. युवराज धावत जाऊन गिऱ्हाइकाला कागदपत्रं द्यायची सोनेरी दोरीची पिशवी घेऊन आला, आणि त्या पिशवीचा जो उपयोग झाला तो कंपनीच्या मनात नसावा. पाणी पाजून, स्टुलावर बसवून, मधाळे आईसमोर उकिडवे बसले. म्हणजे इतके महिने, इतके फोन, समताचे पैसे, निपाणीचं राज्यांतर, आणि गाडी आली असती तरी. आली असती तरी! कोगनोळीच्या पलीकडं उभी असलेली ती वस्तू त्यांना आता फार शहाणी वाटायला लागली. तेवढ्यात डोक्यात काहीतरी खुट् झालं.

"आई, सकाळी येताना टेम्पोत नाही लागली ती?"

"न्हाय की."

"तवंदीला?"

"कधी आली तवंदी? त्या रवळूच्या आईच्या गुडघ्याचं चाललंतं आमचं. गोळ्या खाती आणि चालतच न्हाय म्हणं. चाललं पायजे." तिनं तोंड पुसलं. "आणि त्येच्या गाडीला काच कुठाय? वारं लागतंय की तोंडाला. ह्यो डबा हाय डबा. माणसाला लोणच्यावानी घालून झाकण लावायचं." मग तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि कचेरीत कुणी विचारावा तसा सरळ प्रश्न विचारला. "हितनं गुंजीला रेल्वे जाती काय?"

जाते. मधाळ्यांना माहीत होतं. खानापुरात नोकरी करणाऱ्या माणसाला माहीत नसेल तर कुणाला असेल? रोज दुपारी कचेरीच्या खिडकीतून शिट्टी ऐकू यायची. पण निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळं निपाणीच्या माणसाच्या डोक्यातही रेल्वे नसते. तो बसचा विचार करतो, मोटारीचा करतो, आणि फारच जीवावर आलं तर परदेशी मोटारीचा करतो. रुक्माबाईचा नवरा जन्मभर रेल्वेत होता, ती राहते ते गाव म्हणजे एक स्टेशन आणि भोवती घरं, आणि अकरा वर्षांत घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला हे सुचलं नाही. "तुला रेल्वे लागत नाही?" त्यांनी विचारलं. "रुक्मीच्या लग्नाला गेलतो की रेल्वेनं. काय न्हाय झालं." ते लग्न होऊन साठ वर्षं झाली होती. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" कोंडाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तू इचारलास कुठं? तू गाडी आणायला गेलास."

रवळूनं टेम्पोतून स्टेशनवर सोडलं. पॅसेंजरला गर्दी नव्हती. कोंडाबाई खिडकीला बसली, गजाला धरून, तोंडावर वारं घेत, आणि शहर संपून झाडं सुरू झाली तशी तिची मान हलायला लागली, हो हो म्हटल्यासारखी. मधाळे समोर बसले. पोटातलं पाणी त्यांचं हलत होतं. खानापूर आलं. फलाट, पलीकडं रस्ता, त्या रस्त्यानं गेलं की कचेरी. कणकुंबीचा परशराम त्या रस्त्यानं यायचा. वारसा नोंदीचा अर्ज होता, बापाच्या नावची जमीन स्वतःच्या नावावर. अर्ज मराठीत, म्हणून पहिल्यांदा परत. कन्नडात लिहून आणला तर एका भावाची सही नाही. सही आणली तर साहेब दौऱ्यावर. नाळे बर्री, टक्. रानातून बस धरून यायचा तो, आणि जाताना दोन्ही हात जोडायचा, ह्याचा मधाळ्यांना त्या काळी संताप यायचा. एकदा त्यानं घरचा फणस आणला होता. मधाळ्यांनी तो परत न्यायला लावला. छत्तीस वर्षांत त्यांनी अर्जदाराच्या चहालाही हात लावला नव्हता, निरोपसमारंभात तहसीलदारांनी हे खास सांगितलं होतं. पण आजूबाजूचे जे घेत होते त्यांच्या टेबलावरची कामं दोन दिवसांत व्हायची. मधाळ्यांच्या टेबलावर सर्वांना समान वागणूक होती, कुणाचंच व्हायचं नाही. वर्षभरानं परशरामच्या जागी त्याची बायको शालूबाई आली. "अर्जदार कुठं आहेत?" "गेले." कुठं गेले, असं विचारायला मधाळ्यांनी मान वर केली आणि तिचं कपाळ बघून खाली घातली. मग, नियम होता म्हणून, म्हणाले, "नव्यानं अर्ज करा." नियमाप्रमाणं ते बरोबरच होतं. आजही बरोबर आहे. गाडी सुटली. आपण गुंजीला पोचू आणि दारात नातसून उभी असेल आणि म्हणेल, गेल्या. मग आपण काय करायचं? नव्यानं अर्ज कुणाकडं करायचा? आई काहीतरी गुणगुणत होती. तिला सांगावं असं त्यांना वाटलं, सगळं, टोपणापासून. पण ती खिडकीबाहेर बघत होती आणि सुखात होती, आणि सुखात असलेल्या माणसाला आपला अर्ज वाचून दाखवू नये एवढं त्यांना कळत होतं.

गुंजीला उतरले तेव्हा ऊन कलतं होतं. दारात नातसून उभी होती. मधाळ्यांचे पाय अंगणातच थांबले. ती म्हणाली, "चहा मागूलाल्यात. तुम्ही येतासा म्हणून सांगितलं तर म्हणाल्या, थापा मारू नको."

कोंडाबाई आत गेली. खाटेवर रुक्माबाई होती, म्हणजे रुक्माबाईतलं जेवढं उरलं होतं तेवढं.

"आलीस?"

"आलो की."

"गाडी कुठाय गं आक्का? ह्या पोरी सांगत हुत्या, फार भारी गाडी घेतलीया म्हणून."

"कोगनोळीच्या पलीकडं हाय," कोंडाबाई म्हणाली आणि खाटेवर बसली. "बरी हाय तिथंच."

रुक्माबाई हसली. हसताना तिचं सगळं अंग दुखत असावं, तरी हसत राहिली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि एकदम दोघीही बोलायला लागल्या. तपकिरीची डबी बाहेर आली. मग पिशवीच्या तळातून सोनेरी कागदातली चार बिस्किटं आली, शोरूममधली. आईनं ती कधी उचलली ते मधाळ्यांनी पाहिलं नव्हतं. चहात बुडवलं की तोंडात विरघळायची. रुक्माबाईनं एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तीन दिवसांनी पहिल्यांदाच काही पोटात जातंय, असं नातसून दाराशी डोळ्याला पदर लावून म्हणाली. तिसरं खाल्लं. चौथं अर्धं झालं, आणि तेवढ्यात मधाळ्यांच्या खिशात मोबाइल वाजला.

युवराज होता. मधाळे अंगणात आले.

"सर, एक छोटी रिक्वेस्ट हाय. महिनाअखेर हाय न्हवं, म्हणून सिस्टिममध्ये तुमची गाडी डिलिव्हर झालीय असं दाखवलंय."

"डिलिव्हर."

"सिस्टिममध्ये, सर. तर आता कंपनीचा फोन येतोय तुम्हाला. सर्व्हिस कशी वाटली, गाडी कशी वाटली. दहापैकी दहा सांगा हं सर. नऊ सांगितलासा तरी ते शून्यच धरतात."

आणि मुद्दा क्रमांक एक आठवला. दोनही आठवला. तीन तर इतका स्वच्छ आठवला की त्यातली विरामचिन्हं दिसायला लागली. तीन महिन्यांचा, छत्तीस वर्षांचा, सगळ्या थांबणाऱ्यांचा संताप छातीत गोळा झाला. मधाळ्यांनी श्वास घेतला. घरातून आईची हाक आली.

"किस्ना, शोरूमवाला हाय काय रं त्यो?"

"हो, आई."

आत दोघींची कुजबुज झाली. मग आईचा आवाज, जरा दबकत. मधाळ्यांनी तो ऐकून घेतला, डोळे मिटले, मिटलेल्या डोळ्यांपुढं एक फणस येऊन गेला, आणि छातीतलं सगळं हळूहळू खाली बसलं, सोफ्यात बसतं तसं.

"हॅलो सर? सर, आहासा का?"

"आहे," मधाळे म्हणाले. "दहापैकी दहा सांगतो. पण युवराज, एक काम होतं. त्या कॉफीबरोबर बिस्किटं देता ना तुम्ही, सोनेरी कागदातली, त्याची चार-पाच पाकिटं मिळतील का? मी उद्या येतो."